साडेचार मुठी

बसा. त्या पालथ्या टबावर बसा, तो कोरडा आहे. बाकी इथं जिथं टेकाल तिथला रंग घेऊन घरी जाल. गोष्ट सांगतो, गेल्या वर्षीची, आमच्या सूनबाईच्या शाळेत रंगाचा सण झाला त्याची. फुकट नाही सांगत. शेवटी एक काम सांगणार आहे. काम जड नाही, पण आमच्या घरातल्या कुणालाच ते जमणार नाही, म्हणून तर बाहेरचं माणूस गाठलं.

आधी आमच्या बापाचं सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचा रंग तिसऱ्या धुण्यात गेला, तर म्हातारा त्याच्या दारात जाऊन उभा राहिला, शर्ट मागून आणला, पुन्हा रंगवला आणि दोन दिवस जेवला नाही. मेला तेव्हा आमच्यासाठी दोन गोष्टी ठेवून गेला. एक हा रंगाचा कारखाना, म्हणजे ही भट्टी, तीन हौद आणि मागचं दोऱ्यांचं अंगण. दुसरी, हाताची सवय. भांड्यात रंग उतरला की तुरटीची मूठ पडलीच पाहिजे. तुरटीशिवाय रंग म्हणजे पाहुणा, दोन दिवस राहतो आणि जातो. तुरटी पडली की तो घरजावई. पोराबाळांसकट आमच्यात कुणीही रंगाच्या भांड्याजवळून गेलं की हात आपोआप पोत्याकडं जातो. देवळासमोरून जाताना काहींचा हात छातीकडं जातो ना, तसा.

आता दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि सूनबाई, म्हणजे त्याच्या पोराची बायको, यांचा अबोला. तो अबोला नऊ वर्षं चालला. ती या घरात आली त्याच्या चौथ्या दिवशी दादानं तिच्या हातात ढवळायचा दांडा दिला. मोठा मान होता तो, मला तो मिळायला सोळा वर्षं लागली. ती म्हणाली, बाबा, उद्या मला शाळेत शिकवायला जायचंय, हात निळे झालेले चालणार नाहीत. पोरगी खरं तेच बोलली. पण दादाला ऐकू आलं ते असं, की तुमचं काम घाणेरडं आहे. त्यानं दांडा परत घेतला आणि त्या दिवसापासून तिच्याशी थेट बोलणं बंद. बोलायचा माझ्या मार्फत. "शाळेला विचार, चहा घेणार का." शाळा म्हणजे ती. ती समोरच बसलेली असायची. ती पण कमी नव्हती, माझ्याकडं बघून म्हणायची, बाबांना सांगा, साखर कमी. नऊ वर्षं मी या दोघांमधला पोस्टमन.

या शाळेतली तिची नोकरी हंगामी होती. चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात कागद संपायचा आणि दर उन्हाळ्यानंतर नवीन यायचा. गेल्या वर्षी ठरलं की शाळेची कमिटी येणार, दुसरीचा वर्ग बघणार आणि तिला कायम करायचं की घरी बसवायचं ते सांगणार. कायम झाली तर शाळेच्या मागच्या दोन खोल्या मिळणार होत्या. पुतण्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्या खोल्या हव्या होत्या. आमचा पुतण्या म्हणजे मापट्या. सगळं काट्यावर मोजतो, चहात साखरसुद्धा. त्याचं म्हणणं, इथं भट्टीच्या धुरात पोरीला खोकला होतो. पोरगी म्हणजे त्यांची सात वर्षांची ठिपका, आईच्याच वर्गात.

वहिनीला ते जाणं पसंत नव्हतं. तोंडानं म्हणायची, जा की, मी कुठं पाय धरलेत. आणि ज्या दिवशी असं म्हणायची त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडायचं.

सणाचं खूळ काढलं ठिपकानं. तिच्या वर्गात अडतीस पोरं, अठरापगड घरांतली. त्यात हा सण घरी करणारी तीन-चारच. ठिपकानं वर्गात सांगितलं, आमच्याकडं वसंत आला की होळीत जुनं जाळतात आणि दुसऱ्या दिवशी मोठी माणसंसुद्धा एकमेकांना रंगवतात, कुणी रागवत नाही. कुणाचा विश्वास बसेना. एक पोरगा तर म्हणाला, माझे वडील भिंतीसुद्धा रागावूनच रंगवतात. मग सूनबाई हेडबाईंकडं गेली.

हेडबाई म्हणजे अशी बाई की खडू तुटला तर चौकशी लावणार. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. दुसरीचा एकच वर्ग, पटांगणात, अर्धा तास, आणि तीन अटी. कोरडी पूड नको, डोळ्यांत जाते. रंग खाण्याच्या वस्तूचा हवा. आणि एका पाण्यात निघाला पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी कमिटी येणार, पोरं पांढऱ्या शर्टांत दिसली पाहिजेत. सूनबाईनं त्या अटी मोठ्या अक्षरांत लिहून भट्टीच्या दाराला चिकटवल्या. मला वाचायला अर्धा तास लागला, पण वाचल्या.

घरात रंगारी असताना बाहेरून रंग आणणं म्हणजे न्हाव्यानं दाढी दुसरीकडं करून घेण्यासारखं. ती दादाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, पिवळा कशाचा होईल. दादा मला म्हणाला, "शाळेला सांग, डाळिंबाची सालं. मी उकळून देतो."

मी सांगितलं. ती दोन हातांवर उभी होती.

मग दादानं सगळ्यांना उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की या भांड्यात तुरटी पडणार नाही. स्वतः घेतली, वहिनीला दिली, मला दिली, मापट्याला दिली. सूनबाईला द्यायचा प्रश्नच नव्हता, तिनं नऊ वर्षांत भांड्याला हात लावला नव्हता. वर त्यानं तुरटीच्या पोत्याला सुतळीचा फास घातला.

सणाच्या आदल्या दिवशी सालं उकळली. सोन्यासारखं पाणी उतरलं. दादा त्या भांड्याकडं असा बघत होता जसा माणूस दवाखान्यात नातेवाइकाला बघायला जातो. एवढा सुंदर रंग आणि एका पाण्यात जाणार. दुपारपासून संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे आपापल्या कामानं तिथून येत-जात होतो. मी पण गेलो. त्याबद्दल पुढं सांगतो.

सकाळी सूनबाईनं रंग दोन मोठ्या कॅनमध्ये भरला, मापट्यानं कॅन गाडीला बांधले, आणि गेले. आता शाळेतलं मी पाहिलेलं नाही. तिनं मला नंतर सांगितलं, तसं तिच्याच डोळ्यांनी सांगतो.

तिला रात्रभर एकच भीती होती. पोरं अंगावर धावून जातील, कुणी रडेल, कुणाची आई दारात येईल. म्हणून तिनं आठवडाभर आधी एक नियम घोकून घेतला होता. विचारल्याशिवाय कुणाला रंग लावायचा नाही. समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, लावू का. तो हो म्हणाला तर लावायचं, नाही म्हणाला तर त्याच्या हातात फूल द्यायचं. कागदाची फुलं तिनं करून घेतली होती, शंभर. ती म्हणाली, काका, शंभरातली सत्त्याण्णव फुलं उरली.

पहिली पाच मिनिटं कुणी हलेना. अडतीस पोरं वाटीत पिवळं पाणी घेऊन एकमेकांकडं बघत उभी. मग तो भिंतीवाला पोरगा ठिपकासमोर गेला आणि म्हणाला, लावू का. तिनं गाल पुढं केला. त्यानं एक बोट लावलं. एवढंच. आणि मग बांध फुटावा तसं झालं. सगळीकडून लावू का, लावू का, आणि उत्तर यायच्या आत हात गालावर. जी पोरगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती ती सगळ्यांत मोठ्यानं विचारत फिरत होती. शर्ट पिवळे, केस पिवळे, पटांगणातला नळ पिवळा.

हेडबाई पायरीवर घड्याळ घेऊन उभ्या होत्या. पांढरा सुती कोट, वरपासून खालपर्यंत बटणं. ती न बोलणारी पोरगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, लावू का. हेडबाईंनी घड्याळाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि बाही पुढं केली. पोरीनं पाचही बोटं उमटवली.

अर्ध्या तासानं घंटा. पोरांची नळावर रांग. पहिल्या पोराचं तोंड धुतलं, रंग गेला नाही. थोडं जास्त पाणी. नाही गेला. साबण लावला, तर रंग खुलला. आता आम्हा रंगाऱ्यांना हे ठाऊक असतं, सोड्याला आणि साबणाला हा पिवळा आणखी चढतो. तिला ठाऊक नव्हतं. ती चोळत राहिली आणि पोरगा उजळत गेला. सहाव्या पोरापर्यंत तिला कळून चुकलं.

शर्ट तर त्याहून वाईट. पाठीवर पंजा, खिशावर डाग, एका बाहीवर नुसता ओघळ. हेडबाईंनी स्वतःची बाही नळाखाली धरली, पिळली, बघितली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ती म्हणते. एवढंच म्हणाल्या की उद्या दहाला कमिटी येणार, या वर्गात अडतीस पोरं अडतीस नीट शर्टांत दिसली पाहिजेत, नाहीतर ती तुमच्याबद्दल काय ठरवेल ते मी थांबवू शकणार नाही. मग सगळ्या पोरांना खेळाचे बनियन घालायला लावले, शर्टांची दोन गाठोडी बांधली, आणि मापट्याला फोन.

दुपारी एकला मापट्या गाठोडी घेऊन दारात. आम्ही जेवायला बसलो होतो. त्यानं एक शर्ट दादाच्या ताटासमोर धरला आणि सांगितलं, निघत नाही.

दादानं कापड बोटात धरलं, उजेडात नेलं, नखानं खरवडलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला त्याला वेळ लागला.

"निघणार कसा," तो म्हणाला.

मग त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. घास खाली ठेवला.

मापट्या शांत माणूस, पण त्या दिवशी त्याच्या मानेची शीर उभी होती. तुरटी कुणी टाकली, त्यानं विचारलं. मी आमटीत बघत होतो. दादा शर्टाकडं. शपथ घेतली होती ना, तो म्हणाला, आणि फिरला तो थेट आईकडं. तिला आठवण करून दिली की परवा तूच म्हणालीस, कायम झाली की पोरगी माझ्या डोळ्यांआड जाणार. आदल्या आठवड्यात खोल्यांचं नाव काढलं तेव्हा तू ताट आपटलंस. तुला ती कायम व्हायला नकोच आहे.

त्याच वेळी सूनबाई ठिपकाला घेऊन मागून आत आली. शाळा सुटायच्या आधीच तिला घरी पाठवलं होतं. ती दारातच उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

वहिनीनं तिला बघितलं. सासूनं सुनेसमोर मान खाली घालायची म्हणजे काय असतं ते तुम्ही समजून घ्या.

"हो, टाकली," वहिनी म्हणाली. "एक मूठ."

मापट्या म्हणाला, झालं समाधान. तो तिथंच थांबला असता तर बरं होतं, पण नाही. म्हणाला, आम्ही आता शाळेच्या खोलीची वाट नाही बघत, मिळेल ती खोली घेऊन जातो. वहिनीनं पदर डोळ्याला लावला नाही, नुसती ताटं गोळा करायला लागली, उष्टी-खरकटी सगळी एकात एक. मला म्हणाली, भावजी, मी मुद्दाम नाही टाकली, फास ढिला होता, हात गेला, पण आता कोण ऐकणार. मी माझं ताट तिच्याकडं सरकवलं. मी का बोललो नाही ते माझं मला माहीत होतं.

ऐकलं कुणी, तर दादानं. तो उठला, बाहेर गेला, भांड्याच्या तळाशी वाटीभर रंग उरला होता त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तुरटीची चव म्हणजे जीभ गोळा होते, तोंडातलं पाणी आटतं. आमचा बाप अशी चव घेऊन सांगायचा किती पडली. दादाला ते येतं, मला येत नाही. त्यानं थुंकलं, पुन्हा चव घेतली. सगळे बाहेर आले. ठिपकासुद्धा, पिवळं तोंड घेऊन.

"साडेचार मुठी," दादा म्हणाला.

साडे म्हटल्याबरोबर सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तुम्ही माझा उजवा हात बघितलाच असेल. भट्टीच्या झाकणात दोन बोटं गेली, तेव्हापासून माझ्या मुठीला या घरात अर्धी मूठ म्हणतात. आता नाकारून काय उपयोग, त्या अर्ध्या मुठीनं माझी सहीच केली होती म्हणायची. म्हणालो, अर्धी माझी. संध्याकाळी चूल विझवायला गेलो होतो, फास काढला कधी तेच आठवत नाही.

दादा जरा वेळ स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, एक माझी. फास मीच बांधला, मीच सोडला, आणि पुन्हा बांधला. कोणाकडं न बघता बोलला.

राहिला मापट्या. तो म्हणाला, मी शपथ पाळली. दादा म्हणाला, तुझी वही आण. मापट्या प्रत्येक भांड्याची कृती वहीत लिहितो, किती साल, किती पाणी, किती वेळ. ठिपका पळत जाऊन वही घेऊन आली. तिलाच वाचायला लावलं. ती एक-एक अक्षर लावत वाचत गेली. सालं चार किलो. पाणी चाळीस लिटर. उकळ एक तास. आणि खाली, तिच्या बापाच्याच अक्षरात, तुरटी शंभर ग्रॅम.

मापट्यानं वही हातात घेतली. उलटी करून बघितली, जणू मागून काही वेगळं लिहिलेलं असेल. त्यानं तुरटी काट्यावर मोजली होती, भांड्यात टाकली होती, लिहूनही ठेवली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

"शंभर ग्रॅम म्हणजे मूठच," दादा म्हणाला. "चार पिढ्या तेवढीच पडते."

मापट्या आईजवळ गेला. माफी-बिफी मागितली नाही, आमच्यात ते नाही. तिच्या हातातली ताटं घेतली आणि घासायला बसला. जन्मात पहिल्यांदा. वहिनी म्हणाली, राख जास्त लावतोयस. झालं, मिटलं.

पण हिशेब मिटला नव्हता. वहिनीची एक, दादाची एक, मापट्याची एक, माझी अर्धी. साडेतीन. एक अख्खी मूठ राहिली. दादा भांड्याकडं बघत उभा. ठिपकाकडं बघितलं, ती म्हणाली, माझी मूठ एवढीशी, आणि दाखवली. खरं होतं.

आता मी काय पाहिलं होतं ते सांगतो. सकाळी सूनबाई कॅन भरत होती तेव्हा मी अंगणात दोऱ्या ताणत होतो. ती तोंडानं अडतीस पोरांची हजेरी पाठ म्हणत होती, कुणी यायचं राहील म्हणून. डाव्या हातानं कॅन धरलेला. आणि उजवा हात, तिचं लक्षही नव्हतं, खाली वाकून उघड्या पोत्यात गेला, मूठ भरून वर आला आणि भांड्यावर उघडला. मग तिनं तो हात फडक्याला पुसला आणि हजेरी पुढं चालू. दारावर तिच्याच अक्षरात तीन अटी.

ती दारात उभी होती आणि पांढरी फटक पडली होती. वहीतला शब्द ऐकताना तिला आठवलं असणार. आणि नोकरी कुणाची पणाला लागली होती तर तिची. मापट्याच्या पोटात एक गोष्ट राहत नाही, हेडबाईंनी विचारलं तर तो ग्रॅमसकट सांगणार.

म्हणून मी म्हणालो, "माझ्या तीन."

"तीन?" दादा.

"अर्धी-अर्धी तीनदा टाकली. वय झालं, विसरायला होतं."

तीन अर्ध्या म्हणजे दीड. साडेचार बरोबर जमलं. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण तेवढं येतं. दादानं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या हातांकडं. मग पुन्हा माझ्याकडं. काय कळलं, काय नाही, मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

तो म्हणाला, हा रंग आता काढता येणार नाही, देव आला तरी. डाग काढता येत नसेल तर रंगाऱ्याकडं एकच उपाय असतो, सगळं कापड डागाच्या रंगाचं करायचं. अडतीस शर्ट, एक भांडं, सगळे एकसारखे पिवळे. शर्टाला शर्ट लावला तर फरक दिसता कामा नये. उन्हं जायच्या आत वाळत पडले पाहिजेत.

आम्ही भट्टी पेटवली. वहिनी कॉलरवरची नावं मोजत होती, मापट्या सालं. गाठोडी सोडली तर शर्ट एकोणचाळीस. तळाशी कागदी पिशवीत हेडबाईंचा सुती कोट, घडी घातलेला, चिठ्ठी नाही, काही नाही. बाहीवर पाच बोटं.

पाणी उकळलं. दादानं दांडा उचलला, आणि मी नेहमीप्रमाणं घ्यायला हात पुढं केला. त्यानं मला दिला नाही. सूनबाई भांड्याजवळ आली होती. बाह्या वर केलेल्या. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता, सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली,

"बाबा, लावू का हात?"

नऊ वर्षांत मला पहिल्यांदा काही काम उरलं नाही. दादानं दांडा तिच्या हातात दिला.

"तळापासून ढवळ," तो म्हणाला. "कोपऱ्यात बसतो."

एवढंच बोलला. नंतर दोन तास तिला शिव्या घालत होता, हळू, घाई करतेस, कापड वर येतंय, शाळेत हेच शिकवता का. ती उलट उत्तरं देत होती. वहिनी मला म्हणाली, भावजी, अबोला होता तेच बरं होतं.

अंधार पडायच्या आत दोऱ्यांवर एकोणचाळीस पिवळी कापडं हलत होती. सूनबाई माझ्याजवळ येऊन चिमटे लावायला लागली. हळूच म्हणाली, काका, तुम्ही तीनदा नाही टाकलीत. मी म्हणालो, नसेल, विसरलो. ती म्हणाली, मला खरंच कळलं नाही हो, हात गेला. मी म्हणालो, नऊ वर्षं लागली त्याला, लवकर शिकलीस. ती हसली, आणि मग चिमटा लावता लावता रडली, आणि मी दुसऱ्या दोरीकडं गेलो.

सकाळी इस्त्री करून शर्ट पोचवले. दहाला कमिटी. दुसरीच्या वर्गात अडतीस पोरं एकसारख्या पिवळ्या शर्टांत, हातपाय पिवळे, काहींचे कानसुद्धा. बाकी सगळी शाळा पांढरी. कमिटीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, हा काय प्रकार. सूनबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून हेडबाई आत आल्या, त्याच कोटात, नखशिखांत पिवळ्या.

आपल्या शाळेत चूक होते हे ती बाई मरेपर्यंत कबूल करणार नाही. म्हणाल्या, ही आमची पद्धत आहे. दर वसंतात दुसरीचा वर्ग पिवळा असतो.

कमिटीनं लिहून घेतलं. शाळेला पद्धत आहे हे त्यांना फार आवडलं. सूनबाई कायम झाली, आणि कागदावर कारण दिलं, परंपरा जपल्याबद्दल. एका दिवसाची परंपरा.

खोल्या मिळाल्या. ती तिघं गेली, दोन गल्ल्या पलीकडं. वहिनी रडली नाही, पण रोज सकाळी आमटीचा डबा घेऊन जाते आणि संध्याकाळीच परत येते, त्यामुळं गेलं कोण तेच आम्हाला कळत नाही. सूनबाई सुट्टीच्या दिवशी येऊन दांडा हातात घेते. दादा तिला शिव्या घालतो. आता तिचे हात शाळेत निळे दिसले तर हेडबाई काही म्हणत नाहीत, पद्धत असेल समजतात.

तर आता कामाचं. पद्धत म्हटली की दर वर्षी आली. उद्या शाळेत सण. ती बघा, समोर दोन भांडी. उजवीकडच्यात या वर्षीच्या पोरांचे शर्ट रंगवायचे, त्यात तुरटी हवी, ती पडली आहे, किती पडली ते विचारू नका. डावीकडचं आहे ते पोरांच्या खेळायचं. ते एका पाण्यात निघालं पाहिजे. हेडबाईंनी यंदा नवीन पांढरा कोट शिवला आहे.

दादा आत झोपलाय, आत्ता उठेल. वहिनी डबा देऊन येतच असेल. मापट्या काटा घेऊन येणार आहे. सूनबाई पण येईल. सगळ्यांनी पुन्हा शपथ घेतली आहे.

म्हणून म्हणतो, उद्या सकाळपर्यंत त्या डाव्या भांड्याजवळ तुम्ही बसा. तुमच्या हाताला सवय नाही. आमच्यातलं कुणीही मूठ मिटून जवळ आलं, कितीही गोड बोललं, तरी मूठ उघडायला लावा आणि हाकलून द्या. मला पण. आणि आधी जरा माझा हा उजवा हात बघा बरं, मी तुमच्याशी बोलत होतो तेवढ्यात ह्यात काय आलंय ते.